समोरच्या नाट्यगृहाचा मला हेवा वाटतो

मित्रांनो, मी एक जुने अग्निशमन केंद्र आहे आणि समोरचे नाट्यगृह माझ्या डोळ्यांत खुपते.

आम्ही दोघे एकाच रस्त्याच्या दोन बाजूंना, एकाच वर्षी उभे राहिलो. त्याच्या वाट्याला घुमट, नक्षीदार सज्जे आणि दगडी मुखवटे आले. माझ्या वाट्याला साध्या विटा, दोन रुंद दारे आणि ओले पाइप वाळत घालायला एक उंच मनोरा. येणारेजाणारे विचारतात, "हे धुराडं कशाचं?" घुमटाविषयी असे कोणी विचारत नाही.

माझी उमेदीची वर्षे कामात गेली. घंटा वाजली की जवान वरच्या खोल्यांतून खांबावरून घसरत खाली येत, तयार ठेवलेल्या बुटांत पाय घालत आणि बंब बाहेर पडे. एकदा तर तो नुसता रस्ता ओलांडून थांबला. नाट्यगृहाचे पडदे पेटले होते. आमच्या बंबप्रमुखाच्या भुवया जळाल्या, पण छप्पर वाचले. दुसऱ्या दिवशी जो तो म्हणत होता, नाट्यगृह केवढ्या संकटातून वाचले! ते वाचवले कोणी, हे विचारायला कोणाला सवड नव्हती. आगी विझवण्यात माझा जन्म गेला, पण त्या दिवसापासून मी आतल्या आत जळते आहे.

मग रस्ता रुंद करायचे ठरले. एक बाजू पाडावीच लागणार होती. आमच्या नगरपालिकेचा शिरस्ता असा, की जुनी वास्तू ठेवायची की पाडायची, हे त्या जागेवर बसूनच ठरवायचे. पण नाट्यगृहाची जमीन खचली होती. तिथे इतक्या माणसांना बसवायला अभियंता धजावेना. म्हणून बंब बाहेर काढला आणि सभा माझ्यात भरली. ज्याच्यात बसायची भीती वाटते ते ही माणसे कशाला वाचवतील, असे मला वाटले. मी मनोमन खूश झाले.

मला आणखी एक भरवसा होता. सदस्यांमध्ये बंबप्रमुखाची लेक होती. आईवेगळी पोर, माझ्याच वरच्या खोल्यांत लहानाची मोठी झालेली. तिचे निवृत्त वडील मागच्या खुर्चीत येऊन बसले होते.

नाट्यगृह म्हणजे शहराचा दागिना, असे एक सदस्य म्हणाले. दागिना निदान अंगावर घालता येतो, यात बसताही येत नाही, असे दुसऱ्यांनी सुनावले. हशा पिकला. हात मोजले तर दोन्हीकडे सारखेच. एकटी लेक उरली.

"बोल की, बाई," वडील मागून म्हणाले. "आपलं घर ठेवायचं की पाडायचं, एवढंच सांगायचंय."

"बाबा, नवं केंद्र पुढच्या चौकात होईल. बंब उलट लवकर निघेल. ते मुखवटे पुन्हा कोण घडवणार?" तिने वरच्या खोल्यांकडे पाहिले. "तुम्ही आगीवर गेलात की मला झोप लागायची नाही. वर खिडकीत बसून मी त्या मुखवट्यांशी बोलायचे. त्यातला हसरा म्हणायचा, येतील."

"आणि ती खिडकी?"

"खिडकीकडे कोण बघतं, बाबा? खिडकीतून बघतात."

तिने नाट्यगृहासाठी हात वर केला.

मित्रांनो, मत गेल्याचे मला तेवढे लागले नाही. पण माझ्या कुशीत बसून ती रात्ररात्र त्याच्याशी बोलत होती, हे ऐकून माझ्या विटा तडकायच्याच बाकी राहिल्या.

आता बंब नव्या जागी गेला आहे. उद्या पाडकाम सुरू होईल. आज सकाळी ती वडिलांना घेऊन आली. त्यांना माझ्या दारात उभे करून ती रस्त्यापलीकडे गेली आणि तिने फोन समोर धरला.

"आता कशाला फोटो?" वडील घुश्शातच होते.

"डावीकडे सरका, बाबा. तुमच्यामुळे दार झाकतंय."

मनोरा फोटोत मावेना म्हणून ती मागे मागे सरकत नाट्यगृहाच्या पायऱ्यांवर चढली. तरी मावेना. शेवटी तिची पाठ त्याच्या भिंतीला टेकली. मग तिने फोन खाली घेतला आणि नुसतीच माझ्याकडे बघत राहिली, खूप वेळ.

त्याच्याकडे पाठ करून कोणी माझ्याकडे असे बघण्याची ही पहिलीच वेळ. त्याला काय वाटले असेल? वाटू दे.

मित्रांनो, जे तुम्हांला आसरा देते, त्याच्याकडेही एकदा रस्ता ओलांडून बघा. पण हात वर करण्याआधी.