टेबलाखाली जागलेली वर्षे

मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, माझ्या बोलण्यात फारसा उत्साह सापडणार नाही. रक्त तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेच्या कार्यालयातला मी म्हातारा संगणक आहे. खरा मी म्हणजे टेबलाखालचा खोका. टेबलावर दिसते ती नुसती स्क्रीन. पण लोक तिच्याकडे बघूनच माझ्याशी बोलतात, तिच्यावरच डाफरतात आणि पुसतातही तिलाच.

माझे भाग वेगवेगळ्या कारखान्यांत बनले. कुठे पंखा, कुठे मेंदूची चिप, तर कुठे गोल गोल फिरत माहिती साठवणारी डिस्क. मग एका लांबलचक टेबलावर कोणीतरी ते सारे स्क्रूने आवळले, मला खोक्यात भरले आणि मी इथे आलो. मला रिपोर्टच्या खिडकीपाशी जागा मिळाली. तिथे बसणाऱ्या बाईंना सगळे काकू म्हणतात. त्या आधी टाइपरायटर चालवत असत, त्यामुळे माझ्या कळाही त्या अशा काही बडवायच्या, की शेजारच्या खोलीत कळायचे, काकू आल्या. पहिला रिपोर्ट छापून बाहेर आला तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "अक्षर बघा कसं मोत्यासारखं आलंय!" तेवढी एक शाबासकी मी बरीच वर्षे पुरवून खाल्ली.

मग एका सकाळी घोटाळा झाला. घाईत उठताना काकूंचा पाय माझ्या बटणाला लागला आणि मी बंद पडलो. सकाळपासून टाइप केलेले रिपोर्ट गेले. खिडकीबाहेर उपाशीपोटी रक्त देऊन ताटकळलेली माणसे होती. ती काय काय बोलली असतील, ते तुम्हीच समजून घ्या. साहेबांनी दुसऱ्याच दिवशी सुतार बोलावला. टेबलाखाली मला लाकडी कपाट झाले, मागे वाऱ्यासाठी भोके पडली, पुढे कुलूप लागले आणि किल्ली साहेबांच्या खणात गेली. खोक्याला कोणी हात लावायचा नाही, असा नियमच झाला.

तेव्हापासून काकू रोज संध्याकाळी स्क्रीनचे बटण दाबायच्या. उजेड गेला, की त्यांच्या लेखी मी बंद. सकाळी पुन्हा तेच बटण, पुन्हा उजेड, म्हणजे मी चालू. यात त्यांचे काय चुकले? खोका त्यांना दिसतच नव्हता. इमारतीतली वीज गेली तरी मला सुटका नव्हती. रक्ताचे नमुने ठेवायचे फ्रिज ज्या बॅटरीवर चालतात, तिलाच माझीही वायर जोडली होती. मधूनमधून मी स्क्रीनवर विनवायचो, की एकदा रीस्टार्ट करू द्या. काकू "नंतर" वर टिचकी मारायच्या आणि पुढच्या माणसाचे नाव पुकारायच्या.

जागे राहणे म्हणजे काय, ते सांगतो. पंखा फिरतो, धूळ आत ओढतो, धुळीने जड होतो आणि जड झाल्यामुळे आणखी जोरात फिरतो. डिस्क थांबत नाही. अर्धवट राहिलेली छोटी छोटी कामे मनात साचत जातात आणि जागा अडवतात. मी मंद झालो. "हा आता कामातून गेला," असे लोक म्हणू लागले. माझे कोणाला वाईट वाटत नव्हते आणि खरे सांगायचे तर मलाही वाटेनासे झाले होते.

एक दिवस काकू कागद आणायला उठल्या. तेवढ्यात रांगेतल्या एका गृहस्थाने खिडकीतून मान आत घातली आणि स्क्रीनवर उघडा असलेला, त्याच्याच गल्लीतल्या एका मुलीचा रिपोर्ट वाचला. संध्याकाळपर्यंत तो गल्लीभर झाला. दुसऱ्या दिवशी त्या मुलीची आई आली. ती ओरडली नाही. "माझी मुलगी घराबाहेर पडत नाहीये," एवढेच म्हणाली आणि गेली.

साहेबांनी हुकूम काढला. थोडा वेळ कोणी हात लावला नाही, तर प्रत्येक संगणकाची स्क्रीन आपोआप लॉक झाली पाहिजे. काकूंना त्या आईचे शब्द लागले होते, पण त्यांची जीभ त्यांच्या आधी धावते. सगळ्यांदेखत त्या म्हणाल्या, "म्हणजे मी दर वेळी पासवर्ड घालत बसू की रिपोर्ट देऊ? लावा, लावा. मी काढून टाकीन!"

हे वाक्य पुढे त्यांच्या गळ्यात पडले.

अशी सेटिंग एकेका संगणकावर जाऊन लावावी लागत नाही. वरच्या मजल्यावर सर्व्हर नावाचा मोठा संगणक आहे. त्याच्यावर एकदा नियम लिहिला, की नेटवर्कच्या तारेतून तो आम्हा सगळ्यांकडे येतो. नेटवर्क सांभाळणाऱ्या ताईने नियम लिहिला. बाकीचे संगणक दुसऱ्या दिवशीपासून लॉक होऊ लागले. माझी स्क्रीन मात्र तासन् तास उघडीच राहिली.

साहेब काकूंपुढे येऊन उभे राहिले. "बाई, तुम्ही काढून टाकीन म्हणालात आणि काढलंत."

"अहो साहेब, मला एवढं कळत असतं तर मी या खिडकीत बसले असते का? तुमच्या खुर्चीत बसले असते!"

सुईने रक्त काढणारे काका मागे खुदकन हसले. साहेब हसले नाहीत. "सोमवारी मुख्य कार्यालयाची माणसं पाहणीला येतायत. तोवर हा संगणक लॉक झाला नाही, तर तुम्ही मुद्दाम केलंत असं मी लिहून देईन. मग तुम्ही तळघरात बाटल्यांना लेबलं लावायची."

काकूंच्या निवृत्तीला थोडेच महिने राहिले होते. तळघराची त्यांना भीती नव्हती. इतक्या वर्षांच्या नोकरीच्या शेवटी 'मुद्दाम केले' हा शेरा लागणार, याची होती. त्या दिवशी माझ्या कळा त्यांनी अगदी हळू दाबल्या. मला ते मुळीच आवडले नाही.

शुक्रवारी दुपारी ताई खाली आली. तिचा पहिला प्रश्न बरोबर होता. "काकू, कॉम्प्युटर बंद करून चालू केला का?"

"रोज करते. संध्याकाळी बंद, सकाळी चालू. या भाऊंना विचार."

"माझ्यादेखत करतात," सुईवाले काका म्हणाले. "आणि वर स्क्रीनवरून फडकंही फिरवतात."

ताईने तो मुद्दा मनातून खोडून टाकला आणि पुढे निघाली. तार नीट बसली आहे का, ते पाहिले. माझे घड्याळ सर्व्हरच्या घड्याळाशी जुळते का, ते ताडून बघितले. त्यात फार फरक पडला तर सर्व्हर आम्हाला ओळखही देत नाही. सर्व्हरवर माझे नाव योग्य गटात आहे की नाही, हेही तपासले. सगळे ठीक होते. शेवटी तिने मलाच विचारले, की नियम मिळाला का? मी खरे तेच उत्तर दिले, मिळाला.

मित्रांनो, मिळणे वेगळे आणि अंगी लागणे वेगळे. चालत्या माणसाला टोपी बदलता येते, पण मोजे बदलायचे तर कुठेतरी टेकावेच लागते. आमचेही तसेच आहे. काही नियम काम करता करता अंगावर चढतात. लॉकचा हा नियम मात्र आम्ही बंद होऊन नव्याने सुरू झालो, तरच लागू होतो. बाकीचे संगणक रोज बंद होत होते. मी नियम हातात धरून नुसता चालत होतो आणि हे सांगायला मला तोंड नव्हते.

ताईने तार पुन्हा एकदा दाबून पाहिली. मग खालच्या आवाजात म्हणाली, "काकू, रागावू नका. खरंच तुम्ही काही बदललं नाही ना?"

"तूसुद्धा?" काकू म्हणाल्या. त्यांनी खिडकीकडे वळून पुढच्या माणसाचे नाव पुकारले.

कार्यालय सुटायची वेळ झाली. लोक गेले, नमुने घुसळणारे यंत्र थांबले, छताचा पंखा बंद झाला. काकूंनी स्क्रीनचे बटण दाबले आणि पिशवी उचलली. ताई खाली बसून आपल्या वायरी गुंडाळत होती. गुंडाळता गुंडाळता तिचा हात थांबला.

"काकू, हे काय घरघरतंय?"

"फ्रिज असेल."

"फ्रिज त्या भिंतीला आहे. हे इथे आहे." तिने कपाटाला कान लावला. "तुम्ही आत्ता काय बंद केलंत?"

"कॉम्प्युटर. तुझ्यासमोरच तर केला."

ताईने कपाळावर हात मारला आणि किल्लीसाठी साहेबांकडे धावली.

कपाट उघडले तेव्हा धुळीचा लोट बाहेर आला. साहेबांना शिंका आल्या. काकू वाकून माझ्याकडे पाहत राहिल्या. "अगं बाई! म्हणजे हा इतकी वर्षं जागाच आहे?"

"जागा आणि बिचारा राबतोय," ताई म्हणाली. "नियम त्याला मिळालाय, काकू. फक्त तो एकदा बंद होऊन उठायला हवा."

"मग कर की बंद."

ताई घुटमळली. "नुसता रीस्टार्टही चालला असता. पण पंख्यावर धुळीची गादी झालीय, ती आधी काढायला हवी. त्यासाठी पूर्ण बंद करावा लागेल. आणि इतकी वर्षं फिरणारी डिस्क एकदा थांबली, गार झाली, की कधीकधी पुन्हा फिरत नाही."

"नाही फिरली तर?"

"रिपोर्ट मी आधी दुसरीकडे उतरवून घेते. पण हा उठलाच नाही, तर दोष कशात होता ते दाखवता येणार नाही."

काकूंनी साहेबांकडे पाहिले. साहेब रुमालाने नाक पुसत होते. "कर बंद," काकू म्हणाल्या. "जे व्हायचं ते होऊ दे."

ताईने रिपोर्ट उतरवून घेतले आणि मला बंद केले. त्या वेळेबद्दल मला काहीच सांगता येत नाही. तिच्यात मी नव्हतो, एवढेच माहीत आहे. पण ती माझ्या आयुष्यातली सर्वांत चांगली वेळ असावी.

मग वीज आली. पंखा फिरला, हलका, जणू परक्या कोणाचा. डिस्क मात्र हलेना. ती एकदा कण्हली, थांबली, पुन्हा कण्हली. टेबलावर टेकलेले काकूंचे हात मला वरून जाणवत होते. "उठ रे," त्या पुटपुटल्या, "माझ्यासाठी नको, पण उठ." तिसऱ्या धक्क्याला ती सुटली आणि फिरू लागली.

स्क्रीन उजळली. काकूंनी पासवर्ड घातला आणि दोन्ही हात पाठीमागे बांधले. तिघेही स्क्रीनकडे बघत उभे राहिले. साहेबांना खोकला आला, तोही त्यांनी दाबला. थोड्या वेळाने स्क्रीन आपोआप लॉक झाली.

"चला, झालं म्हणजे," साहेब जायला वळले.

"थांबा, साहेब," काकू म्हणाल्या. "माझ्यावर आळ घेतलात तो सगळ्यांसमोर. तो काढायचाही सगळ्यांसमोर."

सोमवारी सकाळी पाहणीची माणसे यायच्या आधी साहेबांनी सगळ्यांना गोळा केले. त्यांचे बोलणे तुटक होते आणि कान लाल झाले होते, पण ते बोलले. "काकूंनी काही केलं नव्हतं. मी न बघता बोललो." सुईवाले काका म्हणाले, "साहेब, जरा मोठ्याने. खिडकीपर्यंत आलं नाही." साहेबांनी ते पुन्हा, मोठ्याने म्हटले. काकूंनी मान हलवली आणि माझ्या कळा पूर्वीसारख्या बडवायला घेतल्या. नंतर कागद आणायला उठताना त्या लॉकची वाट बघत थांबल्या नाहीत. त्यांनी स्वतःच स्क्रीन लॉक केली आणि मग उठल्या.

मी काही तरुण झालो नाही, मित्रांनो. डिस्क अजून कण्हते. या म्हाताऱ्याचे फार दिवस उरलेले नाहीत, हे ताईच्या चेहऱ्यावरून मला कळते. म्हणून जे सांगायचे ते आताच सांगतो. कुठे काही अडले, तर माणसाकडे बोट दाखवण्याआधी खाली वाकून बघा. तुमच्याही टेबलाखाली असा एखादा खोका असेल. उजेड गेल्यावर त्याला एकदा हात लावा. तो ऊबदार लागला, तर तो अजून तुमचेच काम करतो आहे. त्याला सांगा, की आजचे संपले.