बरं होण्याचे मालक

बार्शीत लुंकड मेडिकलवाला सिंधूच्या गोळ्यांची स्ट्रिप कात्रीने कापतो तेव्हा आमच्या घराचा एक तुकडा कापला जातो. आमच्या गल्लीत अख्खी स्ट्रिप कुणी घेत नाही; परवडतील तेवढ्या गोळ्या कापून मागायची इथली रीतच आहे. सिंधू माझी बायको. तिचा रक्ताचा आजार या एकाच गोळीने आवरतो आणि ती विकायचा हक्क एकाच कंपनीला आहे. पहिल्या गोळीला गच्ची गेली, दुसरीला न्हाणीघर. कापलेल्या कडा चंदेरी असतात आणि हाताला लागतात.

स्वयंपाकघर गेल्यावर पलंगाशेजारी स्टोव्ह मांडला. मग सिंधूने शक्कल लढवून गोळी विळीवर अर्धी केली. ती अर्धीच बरी झाली. उजव्या गालावर रंग आला, उजव्या हाताने ती चहा ढवळू लागली. डावी बाजू पिवळी आणि गार राहिली.

याचीच तक्रार घेऊन कंपनीचे देवस्थळी साहेब आले. बूट न काढता पलंगावर टेकले. अर्धी गोळी घेणं हा संशोधनाचा अपमान आहे, म्हणाले. संशोधन म्हणताना ते देवासमोर मिटावेत तसे डोळे मिटत. मला त्यांची किळस आली.

एमआयडीसीतला कारखाना हीच गोळी फुटाण्यांच्या भावात बनवतो, ती का चालत नाही, असं मी विचारलं. बनवू दे की, ते म्हणाले, फाटकाबाहेर आली की तिचं पीठ होतं. ते खरं होतं. मी एकदा रुमालात बांधून आणली होती. घरी सोडून पाहिलं तर ज्वारीचं पीठ, तेही कडू. साहेबांना याची लाज नव्हतीच, उलट आपण केवढी सोय केली आहे असा थाट होता.

"विकत घेतली की गोळी माझी झाली ना?"

"गोळी तुमचीच हो," साहेब म्हणाले. "वहिनींचं बरं होणं तेवढं आमचं."

वर काळजी घ्या म्हणाले. असली माणसं जाताना हटकून काळजी घ्यायला सांगतात. बाहेर गल्ली उरली नव्हती. शेजारच्या अत्तारांच्या घराची नुसती चौकट राहिली होती आणि तिच्यात तिघं उभ्याने जेवत होती. लुंकडचं काउंटर आमच्या पलंगाला येऊन टेकलं होतं. साहेब त्यावर चढून, बुटांची माती तिथेच झाडून गेले.

जमीनही संपली तेव्हा मी सिंधूशेजारी पलंगावर आडवा झालो. तिचा उजवा गालही पिवळा पडू लागला होता.

"भाऊ, किती देऊ?" लुंकडने खाली बघत विचारलं.

"मला नको," सिंधू म्हणाली.

"एक द्या," मी म्हणालो.

त्याने कात्री उघडली. आमच्या दोन उशांच्या मधून गादीवर एक बारीक रेघ उमटली आणि सरळ पायथ्याकडे निघाली.