पाचवं ‘का’

“असं काय आहे, जे तुम्ही आजवर कुणालाच सांगितलं नाही?”

निरंजन सरांनी प्रश्न टाकला आणि छापील कागद वाटले. कॅन्टीनची टेबलं भिंतीला सारून खुर्च्या गोल मांडल्या होत्या. पत्रे दाबून पार्ट काढणाऱ्या प्रेस शॉपची सकाळची शिफ्ट, बावीस माणसं, अंगाला तेलाचा वास. सर लाइफ कोच होते. पायात पांढरे बूट. चाकणच्या रस्त्यानं येऊनही पांढरे राहिलेले बूट प्रेस ऑपरेटर साहेबराव पहिल्यांदा बघत होता.

“मी उत्तरं देणार नाही. खरी ताकद प्रश्नात असते,” सर म्हणाले. “लिहा. कागद माझ्याकडेच राहणार. कंपनीला दिसणार नाही.”

“ताकदीचा प्रश्न माझ्या बायकोला इचारा,” कोंडाजी म्हणाला. तो इथल्याच गावचा. त्याच्या आज्याच्या शेतात आता कंपनीचं पार्किंग होतं. “‘कुठं व्हता?’ एवढंच म्हणती. घाम फुटतो राव!”

सगळे हसले. सरही हसले, शिकवणी लावून शिकल्यासारखे.

साहेबराव हसला नाही. डावा कान खांबाकडे येईल अशी खुर्ची त्यानं आल्याबरोबर धरली होती. तो कागदाकडे बघत होता. प्रश्नाखाली पाच रेघा होत्या.

पाच रेघा म्हटल्यावर त्याच्यासाठी तो वाय-वायचा, म्हणजे ‘का, का’चा कागद झाला. शॉपमध्ये एखादा पार्ट खराब निघाला की ऑपरेटरनं तो कागद भरायचा. का झालं? ते का? पुन्हा का? असं पाचदा. एकोणीस वर्षांपूर्वी तो लातूरकडून आला तेव्हा क्वालिटीच्या उद्धवरावांनी त्याला हाताला धरून शिकवलं होतं. “‘चुकून झालं’ लिहायचं नाही, साहेबराव. माणूस चुकला म्हणून सुटायचं नाही. खरं कारण निघेपर्यंत कागद सोडायचा नाही.” उद्धवराव रिटायर झाले. बाकीचे मनाला येईल ते खरडू लागले. साहेबराव अजून खरं लिहायचा.

त्यानं लिहिलं. डाव्या कानानं ऐकू येत नाही, तीन वर्षं झाली, घरीसुद्धा सांगितलं नाही. का? प्रेसचा आवाज. का? कानात प्लग नव्हते. का? प्लग ऑडिटच्या दिवशी वाटतात, संध्याकाळी मोजून परत घेतात. का? साहेब लोक काचेच्या केबिनमध्ये बसतात, त्यांना आवाज येत नाही. का? त्यांना कुणी प्रश्न विचारत नाही.

खाली नाव लिहिलं. टोकन नंबरही टाकला. नाव नसलेला वाय-वाय धरत नाहीत.

चौथ्या दिवशी एचआरच्या रणजीत साहेबांनी बोलावलं. टेबलावर त्या कागदाची झेरॉक्स होती.

“कागद सरांकडंच राहणार होता,” साहेबराव म्हणाला.

“काळजीपोटी दिला त्यांनी. तुमच्याच सेफ्टीचा विषय आहे. अडीचशे टनाच्या प्रेसवर बहिरा माणूस कसा ठेवू मी?”

“उजवा चांगलाय.”

“दरवर्षी कान तपासायला मेडिकलची व्हॅन येते. तीन वर्षं पास कसे झालात?”

“काचेतून टेक्निशियनचं बोट दिसायचं. त्यानं आवाजाचं बटण दाबलं की मी माझं दाबायचो.”

“म्हणजे फसवणूक.” रणजीत साहेब चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. “चौकशी लावू शकतो मी. पण तुम्ही जुने आहात. राजीनामा द्या, सन्मानानं जा.”

सन्मान फॉर्मवर छापलेला होता. नाव, टोकन नंबर, सोडण्याचं कारण. साहेबरावला राग यायला हवा होता. आला नाही. त्यानं पेन घेतलं आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं, ‘प्रेसच्या आवाजानं डावा कान गेला.’

“अहो, ‘वैयक्तिक’ लिहा फक्त. सगळे तेच लिहितात.”

दुसरा फॉर्म आला. त्यानं पुन्हा तेच लिहिलं.

रणजीत साहेबांनी तिसरा फॉर्म स्वतः भरला. कारण, वैयक्तिक. “फक्त सही करा. भांडू नका.”

तो भांडत नव्हता. शॉपचा एक नियम होता. चुकीची नोंद खोडरबरानं पुसायची नाही, गिरवायची नाही; तिच्यावर एक सरळ रेघ मारायची, शेजारी सही करायची. त्यानं ‘वैयक्तिक’वर एक सरळ रेघ मारली. शेजारी सही केली. खालची, सहीची खरी जागा मोकळी ठेवली आणि पेनाला टोपण लावून दिलं.

“उद्यापासून गेटवर कार्ड पंच होणार नाही तुमचं. चौकशीचं पत्र घरी येईल.”

“बरं.”

गेटवर कोंडाजी भेटला. “काय लिवलंस रं एवढं? मी लिवलं, लहानपणी पेरू चोरले. सर म्हणले, व्हेरी डीप.”

मोशीच्या खोलीवर तो भरदुपारी पोचला. बायको, यशोदा, भाकरी थापत होती. अवेळी कसे, असं तिनं विचारलं नाही. हात धुतले, ताट वाढलं.

“मला डाव्या कानानं...” तो म्हणाला.

“ठावं हाय.”

“कधीपासून?”

“तीन वर्स झाली की. मी काय उगं तुमच्या उजव्या अंगानं चालते बाजारात? मी झोपायची बाजू बदलली, तवा म्हणलं, पंखा लागतोय. खरं वाटलं तुमाला?”

त्याला खरंच खरं वाटलं होतं.

“मग इचारलं का न्हाईस?”

यशोदा भाकरीकडे बघत राहिली. “इचारलं असतं तर सांगावं लागलं असतं तुमाला.”

बाहेर रस्त्यावरून कंटेनर जात होते. तांब्यातलं पाणी थरथरत होतं. ती तव्यावरची भाकरी घेऊन उठली. ताट त्याच्या डाव्या हाताशी, तिच्या अगदी जवळ होतं. ती त्याच्या पाठीमागून वळसा घालून उजवीकडे आली, खाली बसली आणि म्हणाली, “गरम हाय. सावकास.”