सुखी फडकं

बुटांच्या कारखान्याचं कॅन्टीन इतकं खच्चून भरलं होतं की मागची मंडळी बाकांवर चढून उभी राहिली होती. शिलाई विभागातल्या बायका, तळवे चिकटवणारे कारागीर, पॅकिंगवाले, आणि आज घरच्यांनाही बोलावणं असल्यामुळे कोणाची सासू, कोणाचा नवरा, कडेवरची पोरं. एरवी जिथे चहाची टाकी असायची, तिथे पांढऱ्या कापडावर ‘मनोमापक’ विराजमान झाला होता. पितळेच्या दोन पट्ट्या, त्यांच्यामागे भिंतीवरच्या घड्याळाएवढी तबकडी, तिच्यात एक सुई, आणि वर दोन दिवे: एक लाल, एक हिरवा.

यंत्राशेजारी, ज्यांना सगळा कारखाना ‘हसरे सर’ म्हणायचा, ते गृहस्थ उभे होते. त्यांचं हसू झोपेतसुद्धा उतरत नसावं.

“दुःख म्हणजे काय? दुःख म्हणजे अडकलेली लहर,” सर सांगत होते. “डॉक्टर तुमचं रक्त तपासतात, लघवी तपासतात. लहर तपासतात का? नाही. कारण लहर सुटली तर पेशंट सुटला, आणि पेशंट सुटला तर दवाखाना बंद.”

लोक हसले, टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेत मॅनेजरसाहेब इतक्या समाधानाने मान डोलवत होते, जणू दुःखाचा शोध त्यांनीच लावला होता.

चिकटवण विभागातला एक थोराड कारागीर पुढे आला. सरांच्या सहायिकेने त्याच्या तळहातांना पांढरी पूड चोळली. “ही पूड वरवरचे विचार टिपून घेते,” सर म्हणाले. त्याने पट्ट्यांवर हात ठेवले. सुई जागची हलली नाही. लाल दिवा लागला आणि कॅन्टीनभर हळहळ पसरली.

मग सरांनी सगळ्यांना डोळे मिटायला लावले, संथ श्वास घ्यायला लावले, मऊ आवाजात बरंच काही सांगितलं. कारागिराच्या मुठींत ‘संकल्पजलात’ भिजवलेला रुमाल होता. बऱ्याच वेळाने रुमाल काढून त्याने पुन्हा पट्ट्यांवर हात ठेवले, तशी सुई झरझर वर चढली आणि हिरवा दिवा लागला. तो दांडगा माणूस ओक्साबोक्शी रडायला लागला. बायकांनी डोळ्यांना पदर लावले.

शिलाई विभागातल्या मुकादमबाईंची धाकटी बहीण भिंतीशी उभी होती. ती मात्र दिव्याकडे बघत नव्हती. ती रुमालाकडे बघत होती.

धाकटी विद्यापीठात मानसशास्त्राची संशोधक होती. माणसांना रोजच्या जगण्यात कसं वाटतं, हा तिचा विषय. तिच्या अभ्यासात भाग घेणाऱ्यांचा फोन दिवसातून मधूनच वाजायचा आणि विचारायचा: आत्ता कसं वाटतंय, कुठे आहात, कोणाबरोबर आहात? घरी तिची थट्टा व्हायची की ही लोकांना ‘बरंय ना’ विचारायचा पगार घेते. तिच्या प्रयोगशाळेत तळहाताचा घाम टिपणारं एक साधं उपकरण होतं. हात ओला असला की त्यातून वीज जास्त वाहते, कोरडा असला की कमी. धाकटी ते रोज हाताळायची, त्यामुळे सरांचा खेळ तिने पहिल्याच फेरीत ओळखला होता.

पण ती इथे खेळ बघायला आली नव्हती. सकाळी तिची थोरली बहीण, ती मुकादम, तिला जिन्यात सहज म्हणाली होती, “मी गोळ्या बंद केल्या गं. गेल्या खेपेला सरांकडे हिरवा दिवा लागला माझा.”

मागे ताई महिनेच्या महिने भिंतीकडे तोंड करून पडून असायची. एका संध्याकाळी आपली लेक धाकटीच्या हातात देऊन, भाजी आणायला सांगावं इतक्या साध्या आवाजात म्हणाली होती, “हिला आता तूच सांभाळ.” त्या रात्री धाकटी तिच्या उशाशी बसून राहिली आणि सकाळी तिला डॉक्टरांकडे घेऊन गेली. गोळ्या सुरू झाल्या आणि तिथून ताई हळूहळू, अगदी कणाकणाने परत आली होती.

“चक्कर येते का? झोप?” तिने जिन्यातच विचारलं होतं.

“येते थोडी चक्कर. झोप उडालीये. सर म्हणाले, गोळ्यांचं विष बाहेर पडतंय.”

आता सरांनी विचारलं, “आणखी कोणाला यायचंय?” धाकटी गर्दीतून वाट काढत पुढे गेली. सहायिका पुडीचा डबा घेऊन सरसावली.

“पूड नको,” धाकटी म्हणाली. “माझे वरवरचे विचार राहू देत.”

“पुडीशिवाय यंत्र चुकीचं सांगेल, ताई,” सर हसत म्हणाले.

“म्हणजे यंत्र मन मोजतं की पूड?”

सरांनी उत्तरादाखल अधिक मोठं हसू दिलं. धाकटीने वाट पाहिली नाही. साफसफाई करणाऱ्या मावशी शेजारीच उभ्या होत्या. “मावशी, तुमचं ते फरशीचं फडकं द्या जरा.”

मावशींनी गोंधळून बादलीतलं फडकं पिळून दिलं. धाकटीने ते दोन्ही पट्ट्यांवर पसरलं. सुई ताडकन तबकडीच्या टोकाला जाऊन थडकली. हिरवा दिवा लख्ख पेटला.

“हे फडकं सकाळपासून तुमच्या बुटांखालची घाण पुसतंय,” धाकटी म्हणाली, “आणि या खोलीत सगळ्यांत सुखी तेच आहे.”

कोणीतरी मागे फिसकन हसलं. सर सावरून म्हणाले, “निर्जीव वस्तूंमध्येसुद्धा सूक्ष्म लहरी असतात. विज्ञान तिथवर अजून पोचलेलं नाही.”

“असतील.” धाकटीने फडकं उचललं आणि पट्ट्या ओढणीने कोरड्या पुसल्या. “मग तुमच्या लहरी बघू. आधी पूड.”

“मी आज उपचार देतोय, घेत नाहीये.”

तेव्हा तो रडलेला कारागीर पुढे झाला. त्याने सहायिकेच्या हातातला डबा घेतला, सरांचे दोन्ही हात धरले, घसघशीत पूड चोळली आणि ते पट्ट्यांवर टेकवले. सुईने मान टाकली. लाल दिव्याच्या उजेडात सरांचं हसू पहिल्यांदाच चेहऱ्यावरून उतरलं.

“सर तर आपल्यापेक्षा दुःखी निघाले,” कारागीर म्हणाला. आता सगळं कॅन्टीन हसलं.

धाकटीने रुमाल नाकाशी धरला, जिभेला लावला. “संकल्पजल म्हणजे मिठाचं पाणी. मिठाच्या पाण्यातून वीज सहज जाते. पूड लावलेल्या कोरड्या हातातून जात नाही. तुमचं सुखदुःख या पट्ट्यांना कळत नाही. ओलं की सुकं, तेवढंच कळतं.”

हसणं ओसरलं तशी शिलाई विभागातली एक बाई उभी राहिली. तिच्या आवाजात राग होता. “यंत्र खोटं असेल. पण मला इथे येऊन खरंच बरं वाटायचं. ते पण खोटं होतं का?”

या प्रश्नाला फडकं पुरणार नव्हतं. धाकटी तिच्याजवळ गेली.

“नाही, ते खरंच होतं. पण बघा, तुम्ही सरांकडे नाव कधी द्यायचात? अगदी नको नको झालेल्या दिवशी. मन वर-खाली होत असतं. आम्ही लोकांना दिवसभर विचारत राहतो ना, तेव्हा हेच दिसतं. तळाला गेलेलं मन बऱ्याचदा आपसूक थोडं वर येतं. त्या वर येण्याचं श्रेय सर खिशात घालतात. आणि दुसरं म्हणजे, इथे तुम्हाला काय मिळायचं? बसायला मिळायचं. यंत्रांचा खडखडाट बंद. कोणीतरी तुमच्याकडे बघून विचारायचं, कसं वाटतंय. याने माणसाला बरं वाटतंच. त्याला पितळेच्या पट्ट्या लागत नाहीत.”

मग ती कारागिराकडे वळली. “तुम्हाला काय होतं?”

“डोकं दुखतं. संध्याकाळी मुलांवर ओरडतो. कशातच जीव लागत नाही.”

“तुम्ही दिवसभर गोंदात हात घालून बसता. तुमच्या खोलीतला पंखा चालतो का?”

“गोंदाचा वास बाहेर काढणारा? तो बंद पडलाय कधीचा.”

सगळ्यांच्या माना मॅनेजरसाहेबांकडे वळल्या. साहेबांना अचानक आपल्या बुटाची नाडी बांधायची आठवण झाली. पंखा दुरुस्त करण्यापेक्षा कारागिराची लहर अडकली असं जाहीर करणं किती सोयीचं. माणूस दिवसभर गोंदाची वाफ ओढतो, आणि साहेब त्याला मीठपाणी धरून हसायला शिकवतात.

सर यंत्राची वायर गुंडाळत होते. धाकटीने ताईला शोधलं. ताई जागेवर नव्हती.

ती मागच्या अंगणात, रिकाम्या खोक्यांच्या ढिगाशी उभी होती. “झालं समाधान?” ती मान न वळवता म्हणाली. “मोठी हुशार तू. आम्ही सगळे मूर्ख.”

“मूर्ख नाही, ताई. त्या माणसाने फसवलं.”

“गोळी घेतली की कोणी टाळ्या वाजवत नाही गं. लपवून घ्यावी लागते. इथे दिवा लागला आणि सगळ्या बायकांनी मला मिठ्या मारल्या. मला वाटलं, सुटले.”

धाकटी जवळ जाऊन उभी राहिली.

“सकाळपासून परत जड वाटायला लागलंय,” ताई म्हणाली. “आधीसारखं. मी सांगितलं नाही कोणाला.”

“आत्ता जायचं डॉक्टरांकडे?”

ताईने होकारार्थी मान हलवली.

डॉक्टरीणबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, रागावल्या नाहीत. मग म्हणाल्या, “तुम्हाला बरं वाटत होतं म्हणून तुम्ही गोळ्या सोडल्या. पण बरं वाटत होतं त्यात गोळ्यांचाही हात होता. त्या एकदम सोडल्या की चक्कर येते, झोप उडते, पण मन लगेच बिघडत नाही, आणि तेवढ्या मुदतीत असले लोक आपलं दुकान मांडून घेतात. गोळ्या कायमच्या घ्यायच्या नाहीत. कमी करायच्या तेव्हा आपण दोघी मिळून, हळूहळू करू.”

कारखान्यातला पंखा त्याच आठवड्यात दुरुस्त झाला, कारण चिकटवण विभागाने तोवर कामाला हात लावायचा नाही असं ठरवलं. हसरे सरांनी दुसरा कारखाना गाठला असणार. गिऱ्हाईकं त्यांना मिळतीलच, कारण दुखावलेलं मन खरं असतं आणि खऱ्या वेदनेला माणूस कोणताही आधार शोधतो. म्हणूनच आधार धरण्याआधी तो तपासून बघावा. मला बरं वाटलं ते कशामुळे, हे विचारावं. हे औषध सोड म्हणणारा उद्या बिघडलं तर जबाबदारी घेणार आहे का, हेही विचारावं. असं विचारलं म्हणून कोणी नास्तिक होत नाही की कृतघ्न होत नाही. जो प्रश्नाने चिडतो, त्याच्याकडे उत्तर नसतं, एवढंच कळतं.

निघताना डॉक्टरीणबाई दारापर्यंत आल्या. “बरं वाटायला लागलं की परत या,” त्या म्हणाल्या. “लोक नेमके तेव्हाच येत नाहीत.”

बरं वाटायला लागल्यावर ताई ठरल्याप्रमाणे परत त्यांच्याकडे गेली.