थोडे दिवस म्हणजे केवढे?

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा फलक आहे. जुना म्हणा, गंजका म्हणा, माझी ना नाही. भंगार मात्र म्हणायचं नाही. ज्यानं ज्यानं मला भंगार म्हटलं त्याला मी खोटं पाडलं आहे, आणि ते कसं पाडलं हेच आज सांगणार आहे.

माझा जन्म कराडचा. चांदसाहेब पेंटर तिथं दुकानांच्या पाट्या आणि ट्रकांचे फाळके रंगवायचे. माण तालुक्यातल्या एका शाळेच्या संयोगिताबाई त्यांच्याकडे आल्या. वर्गात लावायला त्यांना इंग्रजीतले वेळेचे शब्द हवे होते, आणि प्रत्येक शब्दाशेजारी त्याच अर्थाचे त्याचे भाऊबंद. चांदसाहेबांना इंग्रजी येत नव्हतं. कागदावरचं अक्षर ते चित्रासारखं उतरवून काढायचे.

"बाई, ह्यो वरचा शब्द किती येळाचा हाय?" त्यांनी विचारलं.

"मोमेंट? पापणी लवते ना, तेवढ्या वेळाचा."

"आन ह्यो तळाचा?"

"लाइफटाइम. माणसाचा सगळा जन्म."

"मग दोन्ही एका मापात कसं काढू? पाटीवर दुकानाचं नाव मोठं आन फोन नंबर बारका असतोय. जेवढा ऐवज तेवढं अक्षर."

बाई हसल्या आणि बरं म्हणाल्या. अशानं मोमेंट आणि तिची सख्खी बहीण इन्स्टंट मुंगीएवढ्या झाल्या. वीक बोटभर झाला. फोर्टनाइट म्हणजे आपला पंधरवडा, तो त्याहून थोराड. पुढं सीझन, इयर, डिकेड असे एकापेक्षा एक वाढत गेले आणि तळाला लालभडक लाइफटाइम या कडेपासून त्या कडेपर्यंत पसरला. जन्मापलीकडचे शब्द बाईंनी घेतलेच नाहीत. तिथं आपलं काय काम, असं त्या म्हणाल्या. चांदसाहेबांनी सवयीनं चारी बाजूंनी ट्रकवर काढतात तशी फुलांची वेलही काढली. ती मला शोभून दिसते.

शाळेत माझा थाट होता. मोमेंट दिसायची नाही म्हणून मागच्या बाकावरची पोरं उठून यायची आणि पत्र्याला नाक लावून वाचायची. झेंडावंदनाला आलेले निवृत्त सुभेदार माझ्यासमोर छाती काढून उभे राहायचे. 'फोर्टनाइट' शब्द आपण फौजेत वापरलेला आहे, असं ते दरवर्षी सांगायचे आणि पोरं दरवर्षी नव्यानं ऐकायची.

मग गावच्या मुंबईकर मंडळींनी शाळेला भिंतीएवढा टीव्ही दिला. पोरं त्याच्याकडे वळली. त्याचा मला राग नाही, पण वीज गेली की तो काळं तोंड करून बसतो आणि तरी त्याचाच मान! मला भिंतीवरून काढलं आणि शाळेमागं टेकवून ठेवलं. शेरडं माझ्यावर अंग घासायची. भंगारवाल्याचा टेम्पो येणार असं ठरलं, तेव्हा मला फार वाईट वाटलं. खोटं कशाला सांगू?

टेम्पोच्या आधी बिराप्पा आला. तो मेंढपाळ. दिवाळी झाली की दरवर्षी मेंढरं घेऊन कृष्णाकाठच्या रानात जायचा आणि पावसाच्या तोंडाला परतायचा. आजवर भाऊ सोबत असायचा. यंदा तो मुंबईला माथाडी कामाला गेला होता. म्हणून बिराप्पानं सातवीतली लेक प्रांजल सोबत न्यायची ठरवली होती, कोकरं सांभाळायला. शाळेत तो दोन कामांसाठी आला: पोरीचं नाव काढायला सांगायचं आणि कोकरांच्या आडोशाला मला न्यायचं.

"बिराप्पा, हुशार पोर आहे," संयोगिताबाई म्हणाल्या. "असं करू नका."

"आवं बाई, थोड्या दिसाचं तर काम हाय. फुडच्या वर्सी घालू की परत."

प्रांजलनं माझी एक कड उचलली होती. तिनं ती खाली ठेवली.

"आबा, थोडं दिस म्हंजी ह्यातलं कुठलं?"

"मला वाचाय येतंय व्हय गं?"

"वाचू नगा. नुसतं बघा." तिनं मोमेंटवर बोट ठेवलं. "तुमी थोडं म्हणताय ते एवढं." मग ते बोट सीझनवर आणलं. "मेंढरामागं जायाचं ते एवढं. आन शाळा सुटली तर ती सुटती एवढी." तळाच्या लाल अक्षरांपुढं तिनं दोन्ही हात पसरले. तिची बोटं काही दोन्ही टोकांना पोचली नाहीत.

बिराप्पा उकिडवा बसला. खांद्यावरच्या टॉवेलनं त्यानं माझ्यावरची धूळ पुसली.

"हे एवढं मोठं काय हाय?"

"आख्खा जल्म."

त्यानं टॉवेल झटकून परत खांद्यावर टाकला. मग बाईंकडे न बघताच म्हणाला, "माज्या बानंबी मला थोडं दिस म्हणूनच नेलं हुतं."

बाईंनी पदर डोळ्यांना लावला. माझ्या डोळ्यांत पाणी येत नाही, नाहीतर त्या दिवशी मी आणखी गंजलो असतो.

"नाव ऱ्हाऊ द्या," बिराप्पा उठत म्हणाला. "वाडीतल्या गुंडा मेंढक्याच्या मेंढरांत माजी मेंढरं घालतो. त्येच्या तालावर नाचावं लागंल, नाचू. कोकरं मी बघीन. प्रांजल, तू आज्जीपाशी ऱ्हा. ह्यो पत्रा मातर नेतो."

असा हिशेब झाला. पोरगी बयाबाई आज्जीजवळ राहून शाळेत जाऊ लागली आणि तिच्या जागी मेंढरांमागं मी निघालो. बिऱ्हाड वाहणाऱ्या घोड्याच्या पाठीवरून मी अख्खा मुलूख पाहिला. टीव्हीनं पाहिला असेल, पण घरबसल्या!

आता मी कराडजवळच्या एका रानात उभा आहे. माझ्या आडोशाला कोकरं झोपतात. परवा शेतमालकानं विचारलं, "बिराप्पा, काय लिवलंय रं ह्यावर?"

"माज्या लेकीची शाळा हाय ती," बिराप्पा म्हणाला.

मित्रांनो, मला रंग लावा, भिंतीवर टांगा, असं मी म्हणणार नाही. मी असाच बरा आहे. पण कुणाच्या लेकराला थोडे दिवस म्हणून शाळेतून काढायला निघालात, तर आधी माझ्यासमोर येऊन उभे राहा. वाचता येत नसलं तरी चालेल.