ठमाबाईंची डबी

कुंडलिक शेळगावला मेहुण्याकडे राहून अफू सोडून आला, तेव्हापासून सारजाचा जीव थाऱ्यावर नव्हता. तो विहिरीकडे जरा रेंगाळला की ती मागून बघायची. पागोट्याच्या घड्या झटकायची, चंची हुंगायची. त्याचंही अंग त्याच्या ताब्यात नव्हतं. उसाचं पातं घासलं तरी भाजल्यासारखा कळवळायचा, दार वाजलं तरी दचकायचा. पणदरे गावातले लोक हसायचे, गडी लोण्याचा झाला म्हणायचे. अफू चालू होती तेव्हा याच्याच पायावर फाळ पडला होता आणि यानं हूं की चूं केलं नव्हतं. आता दुखलं की त्याची नजर काहीतरी शोधायला लागायची. सारजा त्या नजरेला भ्यायची.

आज ती खुरपणीवरून आली तर सोप्यात अफूचा कडसर वास. कुंडलिक भिंतीला टेकलेला, घामानं डबडबलेला. टाचेत बाभळीचा काटा मोडून पाय सुजलेला. पुढ्यात पितळेची डबी, उघडी.

"घेतली न्हवं?"

तिनं हनुवटी धरून त्याचं तोंड उजेडाकडं वळवलं. अफू घेतली की त्याच्या डोळ्यातली बाहुली मोहरीएवढी व्हायची. आज ती मोठी, काळीभोर होती. सारजाला उमगेना.

झोळीतलं पोर तिच्या चाहुलीनं एरवी रडून उठायचं; आज हललं नाही. तिनं पापणी वर केली. आत मोहरी.

"आयनं चाटवली त्येला," कुंडलिक म्हणाला. "लई रडत हुतं. मंग डबी हितंच टाकून पाण्याला गेली."

लेकाची अफू सुटावी म्हणून सासूनं, ठमाबाईंनी, उपास धरले होते. पण तान्ह्याला द्यायचा कण म्हणजे अफूच, हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. रानात जाणाऱ्या बायांची पोरं गावात अशीच निजवत.

सारजानं पोराच्या तळव्यांना टिचक्या मारल्या, तोंडावर पाणी शिंपडलं. किती तरी वेळानं ते कुरकुरलं, छातीशी लागलं. तेव्हा कुठं तिला रडू फुटलं.

"म्या हात लावला न्हाय," कुंडलिक म्हणाला. "पर ठणका उठला की डबीच दिसती. उंद्याचं काय सांगवत न्हाय, सारजे."

तिनं डबी चुलीत उपडी केली. ठमाबाई घागर घेऊन आल्या, बघून कडाडल्या, पोराला आता कोण निजवणार म्हणाल्या. सारजा म्हणाली, बांधावर नेईन, रडलं तर रडलं.

मग सुई आणून तिनं नवऱ्याचा पाय मांडीवर ओढला.

"वरडा खुशाल," ती म्हणाली. "कोण हसंल त्येला हसू द्या."