मागच्या अंगाची धार

एसीवाल्याने बाहेरच्या युनिटच्या जाळीत चिमटा घालून जे काही ओढून काढलं, ते बघताच तिने बाही नाकाला लावली आणि हातातल्या तान्ह्या गोटीचं तोंड आपल्या खांद्याकडे वळवलं.

"हे पीस," एसीवाला एकेक नमुना दाखवत म्हणाला. "हे पान. आणि हे तिसरं काय आहे ते विचारू नका ताई, मी अजून जेवलो नाहीये."

तिसरं काळं होतं, लिबलिबीत होतं आणि त्याला केस होते. फरशीवर पडताना त्याचा ओलं फडकं आपटावं तसा आवाज झाला. बाळंतपणानंतर तिचं नाक इतकं तिखट झालं होतं की नवरा तिला नाकाडी म्हणायचा. दूध नासायच्या आधी तिला कळायचं, पलीकडच्या खोलीत कुणी ओले मोजे काढले तरी कळायचं. आणि नेमका अशा नाकाच्या वाट्याला हा बोळ आला होता.

घराची एक कड आणि कुंपणाची भिंत यांच्यामधली ही चिंचोळी जागा. ऊन कधी खालपर्यंत पोचायचं नाही. वर पत्र्याचं छप्पर, छपराच्या काठाला पन्हळ, पन्हळीत कबुतरांचा भरला संसार. पाऊस लागला की पन्हळ बरोबर युनिटच्या डोक्यावर उतू जायची, आणि पाणी कधी एकटं यायचं नाही. शेवाळ यायचं, कबुतरांची शी यायची, कुजून लगदा झालेली पानं यायची. एकदा फुटकं अंडं आलं, आतल्या अर्धवट पिल्लासकट. युनिटचा पंखा फिरत असला की हा सगळा काला भिंतीवर उडायचा, आणि त्याच भिंतीत तिच्या खोलीची एकुलती एक खिडकी होती. म्हणून खिडकी बंद. खिडकी बंद म्हणून एसी. आणि त्या धारेपायी एसी दर पावसाला आडवा.

"पावसाचं काही नसतं हो," एसीवाला म्हणाला. "पाऊस झेलायलाच बनवलंय त्याला. पण ही तर मोरी आहे! सगळ्या छपराचं पाणी एकट्याच्या टाळक्यावर. जाळी बुजते, वायरींच्या डब्यात पाणी शिरतं. आज सुरू करून देतो. परत असं न्हालं तर मशीन गेलं म्हणून समजा. आधी वरचं पाणी वळवा." मग त्याने खाली पडलेला एक जुना, बुरशी धरलेला रेनकोट दोन बोटांत उचलला. "आणि याला हा कुणी घातला होता?"

"मी," सासरे बोळाच्या तोंडाशी उभे राहून म्हणाले. आत पाऊल टाकणं त्यांनी शिताफीने टाळलं होतं. "भिजत होतं बिचारं."

"गुंड्यासुद्धा लावल्यात! काका, मशीन आहे ते, शाळेत निघालेलं पोरगं नाही. गरम हवा बाहेर फेकतं ते. तुम्ही त्याचं तोंडच दाबलंत. आत सगळं उकडून निघालंय, म्हणून तर हा वास."

सासरे हसले. "असू दे, असू दे. मागच्या अंगाला कोण बघतंय?"

सासरे जन्मभर एका हॉटेलच्या दर्शनी टेबलामागे उभे राहिले होते. इस्त्रीचा कोट, दाराकडे डोळे, ओठांवर तयार हसू. निवृत्त झाले तसं ते टेबल त्यांनी जणू घरी आणलं. पुढची पायरी अशी घासायची की तिच्यात तोंड दिसावं. दाराची पितळी मूठ पुसायची, कुंड्या एका रेषेत लावायच्या, पायपुसण्याची कड सरळ करायची. येणारा-जाणारा म्हणायचा, काय टापटीप घर आहे! आणि पुढून जे जे नकोसं व्हायचं ते बोळात जायचं. वाळलेले रंगाचे डबे, फुटकी कुंडी, सुपलीतली मेलेली झुरळं. कुणी काही म्हणालंच तर त्यांचं उत्तर ठरलेलं असायचं, "पाहुणा मागून येत नाही."

पाहुणा येत नव्हता, पण गोटी तिथेच झोपत होती.

गोटीला आधी घामोळं आलं, मग पुरळ, आणि आता कानामागे, मानेच्या वळीत, सुपारीएवढं लालबुंद गळू. सकाळीच तिला डॉक्टरीणबाईंकडे नेलं होतं. बाईंनी बोट न लावता नुसतं वाकून बघितलं. "गार ठेव, कोरडं ठेव, घाम येऊ देऊ नकोस. आपलं आपण पिकून फुटलं तर सोन्याहून पिवळं. नाहीतर परवा चिरा द्यावा लागेल. तिघी-चौघींना धरावं लागतं गं एवढ्याशांना, हलतात ना." त्या बोलत होत्या आणि तिची नजर मागच्या ट्रेमधल्या सुरीवर खिळली होती. एवढीशी ती मान, अजून नीट सावरतही नव्हती.

एसीवाला गेल्यावर तिने वर बघितलं. आभाळ भरून आलं होतं. तिने नवऱ्याला फोन लावला.

"रविवारी बघतो ना," तो म्हणाला. त्याच्या मागे कारखान्याची घरघर होती.

"आभाळाला सांगू का, रविवारपर्यंत दम धर म्हणून?"

"मग बाबांना सांग."

"बाबांनी रेनकोट घातला त्याला."

पलीकडून हसण्याचा आवाज आला. तिने फोन ठेवून दिला. त्या हसण्याचीही तिला शिसारी आली. या घरात घाणीवर हसायची सवय होती आणि हसून झालं की ती घाण दिसेनाशी व्हायची.

सासरे पुढच्या खोलीत आरामखुर्चीत डुलकी घेत होते. तिने माळ्यावरच्या जुन्या चादरी काढाव्यात इतक्या सहज शिडी काढली. सासूबाई स्वयंपाकघरातून हात पुसत आल्या.

"कुठं निघालीस?"

"वर. पन्हळ साफ करते."

"वेडी का तू? पडलीस तर मी कुणाला धरू, तुला का हिला?"

"हिला. मी मोठी आहे, आपटले तरी उसळेन."

"जीभ बघा कशी," सासूबाई म्हणाल्या. पण गोटीला घेतलं आणि शिडीच्या खालच्या पायरीवर आपला पाय दाबून उभ्या राहिल्या.

तिने हातांत प्लॅस्टिकच्या पिशव्या चढवल्या, मनगटावर रबरं लावली, नाकातोंडावर फडकं बांधलं आणि वर गेली. पन्हळीच्या काठावरून डोकं वर निघालं तेव्हा सगळ्यात आधी वास आला, आणि तो फडक्याला जुमानणारा नव्हता. गोडसर होता, हाच त्याचा सगळ्यात वाईट भाग. आत काठोकाठ काळी खीर साचली होती. वर शेवाळाची साय, आणि सायीखाली काहीतरी वळवळत होतं. बारीक अळ्या, असंख्य, एकमेकींवर चढणाऱ्या. तिने डोळे मिटले, हात घातला आणि ओंजळ भरून बादलीत टाकली. मग दुसरी. तिसऱ्या ओंजळीत कबुतराचं पिल्लू होतं, चोच उघडी, पोट फुगलेलं. हाताला लागताच ते पोट फुसकन बसलं.

तिला कोरडी उलटी आली. शिडी हादरली.

"काय झालं?" खालून सासूबाई ओरडल्या.

"काही नाही. कबूतर."

"जिवंत?"

"आई, नका विचारू."

उजव्या हातातली पिशवी फाटली. गार, बुळबुळीत गाळ बोटांच्या बेचक्यांत शिरला आणि मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला. आता हा हात तोडून टाकावा आणि नवा मागवावा असं तिला वाटलं. पण वर आभाळ काळवंडत चाललं होतं, आणि खाली गोटी आजीच्या खांद्यावर मान वाकडी करून कुरकुरत होती. गळू खांद्याला लागत असणार. तिने दात आवळले आणि काढत राहिली. बादली भरली, रिकामी केली, परत भरली.

युनिटच्या डोक्यावरचा पट्टा मोकळा झाल्यावर तिने तांब्याभर पाणी ओतून बघितलं. पाणी चक्क पुढच्या अंगाला धावलं. उतार बरोबर होता! ते कोपऱ्यावरून वळून दिसेनासं झालं, आणि ती हुश्श करणार एवढ्यात कुठंतरी थटून उलटं तिच्याकडे परत आलं.

"आई, पुढच्या कोपऱ्यात खाली उतरणारा पाईप आहे ना?"

"आहे की, त्या वेलाच्या मागं. पण तो फुटलाय. कधीचाच. हेच म्हणाले होते."

तिने शिडी उचलून पुढे नेली. घासूनपुसून लख्ख केलेल्या पायरीवर शिडीचे चिखलाचे पाय उमटले. वर चढून तिने वेल बाजूला सारला. पाईप धडधाकट होता. त्याच्या तोंडात हात घातला तर आत कापडाचा घट्ट बोळा होता, वरून प्लॅस्टिक गुंडाळलेलं, आणि त्यावर सुतळीची सुबक गाठ. सामानाच्या पिशव्यांना चिठ्ठी बांधताना हॉटेलात मारतात तशी. ती गाठ तिने घरातल्या प्रत्येक पुडक्यावर पाहिली होती. एकाच माणसाची होती.

ती हलेना. बादलीतल्या अळ्या बघून जे झालं नव्हतं ते आता झालं. घशाशी काहीतरी आंबट आलं आणि तिथेच थांबलं.

"पायरीवर शिडी?" सासरे दारात आले होते, डोळे चोळत. "अगं, डाग पडतील!"

"बाबा, हा बोळा तुम्ही घातलात?"

त्यांनी वर बघितलं, मग कुंड्यांकडे बघितलं. "धार पायरीवर पडायची गं. लोक आले की बुटांवर उडायचं. बरं दिसत नव्हतं."

"म्हणून मागे सोडली?"

"मागं कोण जातंय?"

याचं उत्तर सासूबाईंनी दिलं. गोटीला थोपटणारा त्यांचा हात थांबला होता.

"मी जाते," त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता, उलट खाली आला होता. "दर पावसानंतर मी जाते. लगदा खरवडते, फिनेल टाकते. मांडीपर्यंत कबुतराची घाण उडवून घेते अंगावर. पाईप फुटलाय म्हणालात, म्हणून गप्प बसले. फुटलाय म्हणालात तुम्ही मला."

"तेव्हा जरा... तात्पुरतं..."

"गळू झालंय पोरीला," सासूबाई म्हणाल्या, "आणि तुमची पायरी कोरडी."

तेवढ्यात पत्र्यावर पहिले टपोरे थेंब वाजले. तिने बोळ्याची कड बोटांत धरली आणि सारी ताकद लावून ओढली. तो सुटता सुटेना, कुजून पाईपला चिकटला होता. मग एकदम सुटला, आणि ती पडता पडता वाचली. हातात एक टॉवेल होता, कधीकाळी पांढरा असावा, आता त्याला कसला रंग म्हणायचा ते तिला ठाऊक नव्हतं. तिने तो खाली टाकला. सासरे एक पाऊल मागे सरकले.

सर आली. कोपऱ्यापलीकडच्या पट्ट्यात तिचा हात पोचला नव्हता, तिथला गाळ तसाच होता. पाईपने आधी एक ढेकर दिला, मग सगळं ओकून टाकलं. काळी खीर, पिसं, सायीचे तुकडे, वळवळणाऱ्या अळ्या, सगळं त्या आरशासारख्या पायरीवर, पायपुसण्यावर, कुंड्यांच्या रांगेत. सासऱ्यांनी नाक दाबलं. इतक्या वर्षांत त्यांना नाक दाबताना तिने पहिल्यांदा पाहिलं.

ते लगबगीने खराटा घेऊन आले आणि काही विचार न करता, हाताच्या जुन्या वळणाने, तो लगदा बोळाच्या दिशेने लोटू लागले. सासूबाई नातीला घेऊन वळचणीखालून चालत गेल्या आणि बोळाच्या तोंडाशी उभ्या राहिल्या.

"मागं नाही," त्या म्हणाल्या. "बादलीत भरा."

सासऱ्यांनी खराट्याकडे बघितलं, बायकोकडे बघितलं. मग वाकले आणि भरू लागले. ओकारीचा आवाज त्यांना दाबता आला नाही.

ती बोळात गेली. वर पाऊस पत्रा बडवत होता, आणि युनिटच्या डोक्यावर पावसाचे साधे, सरळ थेंब पडत होते, इतरांवर पडतात तसे. धार नव्हती. पंखा फिरत होता. तिथे तिने किती वेळ काढला कोण जाणे. मग न्हाणीघरात जाऊन हात धुतले, परत धुतले, नखांत ब्रश घातला, लिंबू चोळलं, कपडे सरळ कचऱ्याच्या पिशवीत कोंबले. तरी वास होताच. कुठे होता ते कळत नव्हतं. बहुतेक नाकाच्या आतच बसला होता.

खोलीत गारवा धरला होता. सासूबाईंनी गोटीला तिच्या हातात दिलं तेव्हा तिने आधी कोपरांनीच घेतलं, बोटं लांब ठेवून.

"धर गं नीट," सासूबाई म्हणाल्या. "तुझीच आहे. तिला तुझ्या हाताचं काही नाही."

गोटी प्यायली आणि तिच्या खांद्यावर गाल टेकून झोपली. नुसतं डोळे मिटणं वेगळं, ही अंग सैल सोडून झोपली, बऱ्याच दिवसांनी. कपाळावर घामाचा थेंब नव्हता. ती येरझाऱ्या घालत होती, खिडकीपासून दारापर्यंत, आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी गुणगुणत होती, ज्याला ना चाल होती ना शब्द.

खांदा एकदम ओला झाला. कोमट. तिला वाटलं दूध काढलं असेल. मग वास आला, आणि तो दुधाचा नव्हता. तिने आरशात वळून बघितलं. गळू फुटलं होतं. पिवळा-हिरवा पू तिच्या गळ्यावरून छातीकडे ओघळत होता, मधून रक्ताची रेघ, आणि गोटी झोपेतच ओठ चोखत होती.

"आई," तिने हलकेच हाक मारली. "गरम पाणी आणि कापूस. फुटलं."

"अगं बाई! तुझ्या अंगावर आलंय सगळं. थांब, घेते मी तिला."

"नको. उठेल."

सासूबाई पुसत होत्या आणि ती तशीच उभी होती. हलली नाही. तो ओघळ पार आत जाऊ दिला.

दारात सासरे आले. पँट गुडघ्यापर्यंत वळलेली, पायांना काळं, हातात अजून खराटा. उंबऱ्याच्या आत त्यांनी पाऊल टाकलं नाही.

"चिरा..." ते म्हणाले. "आता चिरा नको ना द्यायला?"

"नको," ती म्हणाली.

एवढंच. त्यांच्याकडे वळून बघणं तिला जमलं नाही. घशातला तो आंबट घोट अजून खाली उतरला नव्हता आणि तो आज उतरेल असंही तिला वाटत नव्हतं. सासरे पुढच्या दाराने बाहेर पडले, पावसातून चालत बोळात शिरले, आणि खिडकीच्या काचेपलीकडे रंगाचे रिकामे डबे एकेक करून उचलल्याचा आवाज येऊ लागला.